मासे पेरणारा शास्त्रज्ञ

१८७५ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या ओरेगन राज्यात, पोर्टलंडच्या वृत्तपत्रात, वॉशिंग्टनहून आलेले एक सरकारी उत्तर प्रसिद्ध झाले. कोलंबिया नदीतील सॅमन मासा हळूहळू संपून जाईल अशी धास्ती तेथील लोकांना वाटू लागली होती आणि त्यावर उपाय काय, अशी विचारणा राजधानीकडे करण्यात आली होती. उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्यांनी रोगाचे निदान अचूक केले. बेसुमार मासेमारी, नद्यांवरील बंधारे आणि नदीच्या परिसरात माणसाने घडवलेले बदल ही तीन कारणे त्यांनी नेमकी सांगितली. मात्र औषध सुचवताना त्यांनी या तिन्ही कारणांना हात घातला नाही. संरक्षक कायदे करावेत तर त्यांची अंमलबजावणी अतिशय खर्चाची; त्यापेक्षा थोड्या पैशांत कृत्रिम उबवणी केंद्र उभारले तर मासे इतके वाढतील की कायद्याची गरजच उरणार नाही, असा त्यांचा सल्ला होता. पुढे जवळपास शंभर वर्षे अमेरिकेच्या सॅमनविषयक धोरणावर या सल्ल्याची छाया राहिली. तो देणारे गृहस्थ होते स्पेन्सर फुलर्टन बेअर्ड.

बेअर्ड हे कोणी सामान्य सरकारी अधिकारी नव्हते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत निसर्गविज्ञानाची घडी बसवणाऱ्या मोजक्या माणसांत त्यांची गणना होते. पेन्सिल्व्हेनिया राज्यातील रेडिंग येथे ३ फेब्रुवारी १८२३ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील वकील होते. स्पेन्सर दहा वर्षांचे असतानाच ते निवर्तले आणि आईने मुलांसह कार्लाइल या गावी बिऱ्हाड हलवले. तेथे थोरले बंधू विल्यम यांच्यासोबत रानोमाळ भटकून पक्ष्यांचे नमुने जमवण्याचा नाद त्यांना लागला, तो आयुष्यभर सुटला नाही. गावातल्याच डिकिन्सन महाविद्यालयातून वयाच्या सतराव्या वर्षी ते पदवीधर झाले. वैद्यकीच्या अभ्यासासाठी न्यूयॉर्कला गेले खरे, पण मन रमले नाही आणि ते शिक्षण अर्धवट सोडून परतले. अठराव्या वर्षी पक्षी शोधत त्यांनी पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरांतून एकवीस दिवसांत सुमारे चारशे मैलांची पायपीट केली. या तरुणाचे वेड कोणत्या जातीचे होते, हे त्यावरून ध्यानात यावे.

याच सुमारास त्यांनी विख्यात पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉन यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. एका अनोळखी माशीमार पक्ष्याविषयीच्या पृच्छेतून सुरू झालेली ही ओळख स्नेहात बदलली. ऑड्युबॉन यांनी आपल्या संग्रहातील कितीतरी नमुने या तरुण मित्राच्या हाती सोपवले. १८४६ साली बेअर्ड डिकिन्सन महाविद्यालयातच निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी मेरी हेलन चर्चिल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे १८५० साली, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, वॉशिंग्टनच्या नव्या स्मिथसोनियन संस्थेत साहाय्यक सचिव म्हणून ते रुजू झाले. नोकरीवर जाताना त्यांच्यासोबत त्यांचा संग्रह होता आणि तो नेण्यासाठी रेल्वेचे दोन मालडबे लागले.

संस्थेचे सचिव जोसेफ हेन्री हे नामांकित भौतिकशास्त्रज्ञ. संस्थेचा पैसा संशोधनावर खर्च व्हावा, संग्रहालयाच्या पसाऱ्यात अडकू नये, असे त्यांचे ठाम मत होते. बेअर्ड यांनी वरिष्ठांशी भांडण मांडले नाही. ते शांतपणे नमुने जमवत राहिले. पश्चिमेकडील प्रदेशांची पाहणी करणाऱ्या सरकारी तुकड्या, दूरच्या ठाण्यांवरील लष्करी अधिकारी आणि डॉक्टर, उत्तरेकडील फरचे व्यापारी अशा नाना लोकांना ते पत्रे लिहीत. नमुना कसा टिकवावा, कसा बांधावा, कसा पाठवावा हे समजावून सांगत. त्या बदल्यात वॉशिंग्टनमध्ये पेट्यांचा ओघ सुरू झाला. या सामग्रीच्या आधारे त्यांनी उत्तर अमेरिकेतील सस्तन प्राण्यांवर १८५७ साली आणि पक्ष्यांवर १८५८ साली सिद्ध केलेले ग्रंथ पुढच्या पिढीचे आधारग्रंथ ठरले. तुटपुंज्या साधनांत, कुणाला न दुखावता, सरकारी यंत्रणेकडून विज्ञानाचे काम करवून घेण्याची हातोटी त्यांना येथेच साधली. त्यांचे सामर्थ्य याच हातोटीत होते आणि पुढे त्यांची मर्यादाही तेथेच दिसून आली.

माशांच्या प्रश्नाकडे ते वळले ते न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर. मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंड या राज्यांत गळाने मासे धरणारे कोळी आणि किनाऱ्यालगत कायमची जाळी रोवणारे व्यावसायिक यांच्यात तंटा पेटला होता. मासे घटले आहेत, असे पहिला पक्ष म्हणे. दुसरा ते साफ नाकारी. वस्तुस्थिती कोणालाच ठाऊक नव्हती. ती शास्त्रीय रीतीने शोधून काढावी, असा आग्रह बेअर्ड यांनी धरला. फेब्रुवारी १८७१ मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, मत्स्य आयुक्ताचे पद निर्माण केले. हे पद आधीच सरकारी सेवेत असलेल्या व्यक्तीकडे असावे आणि त्यासाठी वेगळे वेतन मिळू नये, अशी अट होती. अध्यक्ष ग्रँट यांनी बेअर्ड यांची नेमणूक केली. अखेरपर्यंत त्यांनी हे काम स्मिथसोनियनची जबाबदारी सांभाळून केले.

त्यांनी वुड्स होल या किनारी गावात तळ ठोकला, कोळ्यांच्या साक्षी नोंदवल्या, माशांची पोटे चिरून त्यांचे खाद्य तपासले, समुद्रतळाची पाहणी केली. निष्कर्ष स्पष्ट होता. मासे खरोखरच घटले होते आणि अंडी घालण्याच्या हंगामात किनाऱ्याशी येणाऱ्या माशांना अडवणारी जाळी त्याला बऱ्याच अंशी कारणीभूत होती. या हंगामात आठवड्यातून काही दिवस जाळी बंद ठेवावीत, अशी माफक शिफारस त्यांनी केली. समुद्रातील मासा अक्षय आहे असे युरोपातले मोठमोठे शास्त्रज्ञ मानत असण्याच्या काळात हा निष्कर्ष धाडसाचा होता. परंतु किनाऱ्यालगतच्या मासेमारीचे नियमन राज्यांच्या अखत्यारीत होते आणि राज्यांतील लोकप्रतिनिधींना जाळीवाल्यांचा रोष नको होता. आयुक्तांकडे तपास करण्याचा अधिकार होता, मनाई करण्याचा नव्हता. हा धडा बेअर्ड यांच्या मनावर खोल कोरला गेला असावा.

दुसरा मार्ग तयारच होता. बेअर्ड यांचे ज्येष्ठ हितचिंतक जॉर्ज पर्किन्स मार्श यांनी १८५७ साली व्हरमाँट राज्यासाठी माशांच्या कृत्रिम प्रजननावर एक अहवाल लिहिला होता. स्मिथसोनियनमधील नेमणुकीच्या वेळी याच मार्श यांनी बेअर्ड यांची पाठराखण केली होती. जंगलतोड, गिरण्यांचे बंधारे आणि कारखान्यांची घाण यांमुळे नद्यांचे रूप कसे पालटले, हे मार्श यांनी त्या अहवालात विलक्षण दूरदृष्टीने मांडले होते. मात्र स्वातंत्र्याची सवय झालेल्या समाजाला निर्बंध पटणार नाहीत, तेव्हा मासे कृत्रिमरीत्या वाढवणेच व्यवहार्य, असा त्यांचाही निष्कर्ष होता. १८७२ साली मत्स्यसंवर्धकांच्या संघटनेच्या प्रयत्नांमुळे काँग्रेसने या कामासाठी १५ हजार डॉलर मंजूर केले आणि मत्स्य आयोगाची दिशाच बदलली.

येथे सॅमनविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मुंबईच्या बाजारात रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हणण्याची रीत आहे; पण रावस आणि सॅमन यांचे कूळ वेगळे. सॅमन जन्मतो नदीच्या वरच्या अंगाला, थंड आणि स्वच्छ पाण्यातल्या गोट्यांच्या थरात. पिल्ले प्रवाहासोबत समुद्रात उतरतात, तेथे काही वर्षे वाढतात आणि अंडी घालण्याची वेळ आली की शेकडो मैल प्रवाहाविरुद्ध पोहत बहुधा आपल्या जन्माच्या नदीतच परततात. पॅसिफिक किनाऱ्यावरील चिनूक सॅमनची मादी हजारो अंडी घालते आणि त्यानंतर मरण पावते. अशा माशाच्या वाटेत एक बंधारा जरी आला, तरी त्याच्या वरच्या भागातला वंश खुंटतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील नद्यांत अटलांटिक सॅमनचे हेच झाले होते.

पूर्वेच्या ओसाड नद्या पश्चिमेच्या माशांनी भरायच्या, अशी बेअर्ड यांची योजना होती. त्यासाठी त्यांनी लिव्हिंग्स्टन स्टोन या न्यू हॅम्पशायरमधील मत्स्यसंवर्धकाला कॅलिफोर्नियात पाठवले. स्टोन हे मुळात धर्मोपदेशक. प्रवचने सोडून ते ट्राऊट माशांच्या तळ्यांकडे वळले होते. १८७२ च्या हंगामात त्यांनी सॅक्रामेंटो नदीच्या खोऱ्यातील मॅक्लाउड नदीकाठी तळ टाकला. पॅसिफिक सॅमनसाठी उभारलेले हे अमेरिकेतील पहिले सरकारी उबवणी केंद्र. या जागेला पुढे बेअर्ड यांचेच नाव मिळाले. नदीकाठ होता विनेमेम विंटू या आदिवासी जमातीचा. सॅमन हा त्यांच्या अन्नाचा आणि श्रद्धेचाही भाग. परक्यांनी आपल्या नदीत जाळी लावलेली त्यांना रुचली नाही. मात्र पुढे समेट झाला आणि जमातीतील अनेकजण केंद्रावर काम करू लागले.

पकडलेल्या मादीचे पोट दाबून अंडी भांड्यात घ्यायची, त्यांवर नराचे रेत मिसळायचे, वाहत्या पाण्याच्या पन्हाळ्यांत ती ठेवायची आणि आतल्या पिल्लाचे डोळे दिसू लागले की शेवाळात बांधून, बर्फाने थंड राखून, रेल्वेने पूर्वेकडे धाडायची, असा हा उद्योग. पूर्व-पश्चिम रेल्वेमार्ग १८६९ साली पूर्ण झाला नसता, तर तो शक्यच नव्हता. संकटेही आली. १८७३ च्या जून महिन्यात जिवंत मासे घेऊन कॅलिफोर्नियाकडे निघालेला स्टोन यांचा रेल्वेडबा नेब्रास्कात पूल कोसळल्याने एल्कहॉर्न नदीत पडला. ते स्वतः बचावले आणि लागलीच शॅड माशांची पिल्ले घेऊन पुन्हा निघाले. शॅड म्हणजे आपल्याकडच्या हिलसाचा अमेरिकी भाऊबंद. तो कॅलिफोर्नियात चांगलाच रुजला.

चिनूकने मात्र पूर्वेला दाद दिली नाही. सस्क्वेहॅना, हडसन, मिसिसिपीच्या उपनद्या अशा कितीतरी ठिकाणी लाखो अंडी आणि पिल्ले पोहोचवली गेली. एकाही नदीत त्यांचा वंश टिकला नाही. विशिष्ट नदीशी पिढ्यान्‌पिढ्या जुळवून घेतलेला मासा दुसऱ्या नदीत आपोआप रुजत नाही, हे त्या काळच्या विज्ञानाला उमगले नव्हते. सोडलेल्या पिल्लांपैकी किती जगली, किती परतली, हे मोजण्याची सोयही नव्हती. त्यामुळे सोडलेल्या पिल्लांची संख्या हीच यशाची मोजणी बनली. अहवालांतले आकडे दरवर्षी फुगत गेले आणि नद्या होत्या तशाच राहिल्या.

राजकारण्यांना ही पद्धत फार सोयीची होती. मनाई केली की मतदार दुखावतो, मासे वाटले की तो खूश होतो. जर्मनीहून १८७७ साली आणलेल्या कार्प माशांच्या बाबतीत ते ठळकपणे दिसले. राजधानीतील तळ्यांत वाढवलेला कार्प लोकप्रतिनिधींच्या शिफारशीने देशभरातील जवळपास प्रत्येक मतदारसंघात पोहोचला. काही दशकांतच पाणी गढूळ करणारा उपद्रवी मासा म्हणून त्याची अपकीर्ती झाली. पण तोवर आयोगाचे अनुदान आणि लोकप्रियता दोन्ही वाढली होती. १८८० साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय मत्स्य प्रदर्शनात बेअर्ड यांना सर्वोच्च पारितोषिक देऊन गौरवण्यात आले.

या वाढत्या अनुदानातून बेअर्ड यांनी मूलभूत विज्ञानासाठी जे उभे केले, ते मात्र टिकाऊ ठरले. हेन्री यांच्या निधनानंतर १८७८ साली ते स्मिथसोनियनचे सचिव झाले. १८८१ साली राष्ट्रीय संग्रहालयाची स्वतंत्र इमारत खुली झाली आणि तरुणपणी मनात धरलेला हेतू तडीस गेला. १८८२ साली ‘अल्बाट्रॉस’ हे खास सागरी संशोधनासाठी बांधलेले जहाज पाण्यात उतरले. १८८५ साली वुड्स होल येथे आयोगाची कायमची प्रयोगशाळा सुरू झाली. आज ते गाव सागरी विज्ञानाचे जगप्रसिद्ध केंद्र आहे. याच गावी १९ ऑगस्ट १८८७ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, बेअर्ड यांचे निधन झाले.

तोपर्यंत कोलंबियावर त्यांच्या सल्ल्याची कसोटी लागू लागली होती. १८७७ साली तेथे खासगी उबवणी केंद्र निघाले, परंतु डबाबंद सॅमनचे कारखाने त्याहून वेगाने वाढले. १८८३ साली या नदीवरून सॅमनच्या सहा लाखांहून अधिक पेट्या बाहेर पडल्या. कोलंबियावरील चिनूकच्या उद्योगाचा तो कळस. त्यानंतर उतरण लागली. सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात सोन्याच्या खाणींचा गाळ पात्रात साचत होता आणि १८८३ च्या सुमारास रेल्वेमार्गाच्या सुरुंगांनी माशांची वाट अडली. खुद्द बेअर्ड केंद्रातच अंडी मिळेनाशी झाली आणि ते काही वर्षे बंद ठेवावे लागले. नदी बिघडली तर केंद्रही चालत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण होते.

तो स्टोन यांनी ओळखला. हयात उबवणीत घालवलेल्या या माणसाने १८९२ साली सॅमनसाठी एक राखीव क्षेत्र असावे, जेथे माणसाने मासा धरू नये आणि नदीही बिघडवू नये, अशी मागणी केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अध्यक्ष हॅरिसन यांनी अलास्कातील अफोग्नाक बेट राखीव म्हणून जाहीर केले. परंतु हा अपवाद ठरला. धोरणाचा मुख्य प्रवाह बेअर्ड यांच्याच वाटेने वाहत राहिला. विसाव्या शतकात कोलंबियावर महाकाय धरणे आली, तेव्हा १९३८ साली मिचेल कायदा झाला आणि धरणांनी होणारी हानी भरून काढण्यासाठी उबवणी केंद्रांची मालिकाच उभी राहिली. कायद्याला पर्याय म्हणून सुचवलेला उपाय आता धरणांचा परवाना बनला होता. सॅक्रामेंटोवरही १९४५ साली शास्ता धरण पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयात मॅक्लाउडकाठचे जुने केंद्र, विनेमेम विंटूंची गावे आणि त्यांची पवित्र स्थळे बुडाली. धरणावर मासे चढण्यासाठी वाट ठेवलेली नव्हती. थंडीच्या हंगामात नदीत शिरणारा तेथील चिनूक इतका घटला, की १९९४ साली त्याला संकटग्रस्त ठरवावे लागले.

पुढच्या संशोधनाने चित्र अधिक स्पष्ट केले. हौदात वाढलेले मासे पिढीगणिक हौदाच्या जीवनाला सरावतात. त्यांचा संकर रानटी माशांशी झाला तर पुढच्या पिढीची नदीत तगून राहण्याची क्षमता घटू शकते. त्यामुळे केंद्रातील पिल्लांचा पाठीवरील छोटा पर कापून त्यांना वेगळे ओळखण्याची पद्धत पडली. २००० साली काँग्रेसने या केंद्रांच्या कारभाराची शास्त्रीय फेरतपासणी सुरू केली. समुद्रातील पिंजऱ्यांत होणाऱ्या सॅमनच्या शेतीने नवे प्रश्न निर्माण केले. ऑगस्ट २०१७ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर असा एक पिंजरा कोसळून दोन लाखांहून अधिक अटलांटिक सॅमन पॅसिफिकच्या पाण्यात निसटले. दुसऱ्याच वर्षी त्या राज्याने परक्या जातींच्या अशा शेतीवर टप्प्याटप्प्याने बंदी आणणारा कायदा केला. क्लॅमथ नदीवरील चार धरणे हटवण्याचे काम २०२४ साली पूर्ण झाले आणि त्याच हंगामात चिनूक त्या जागांच्या वर पोहोचला. १८७५ च्या पत्रात सांगितलेल्या तीन कारणांकडे सरकार असे दीड शतकानंतर वळले.

बेअर्ड यांना दोष देताना न्यायबुद्धी ठेवली पाहिजे. अधिकार नसलेल्या पदावरून त्यांनी जे शक्य होते ते केले आणि खरी कारणे कागदावर लपवली नाहीत. मात्र जे कळले होते त्याचा आग्रह त्यांनी धरला नाही. त्यांच्यासारख्या विश्वासू शास्त्रज्ञाने सोपा मार्ग दाखवल्यामुळे कठीण मार्ग टाळणाऱ्यांना विज्ञानाचा आधार मिळाला.

त्यांच्या केंद्राची एक शाखा मात्र दूरदेशी फुलली. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथून गेलेल्या अंड्यांतून न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील नद्यांत चिनूक कायमचा रुजला. त्या देशातील आजची सॅमनची शेतीही त्याच वंशावर उभी आहे. २०१० साली विनेमेम विंटू जमातीचे लोक आपल्या नदीच्या या वंशजांना भेटण्यासाठी तेथे गेले. पुढे २०२२ च्या उन्हाळ्यात जमात आणि सरकारी विभाग यांनी मिळून चिनूकची सुमारे ४० हजार अंडी मॅक्लाउडच्या थंड पाण्यात ठेवली. ती आली होती शास्ता धरणाच्या पायथ्याशी असलेल्या आणि लिव्हिंग्स्टन स्टोन यांचेच नाव धारण करणाऱ्या उबवणी केंद्रातून. पिल्ले निघाली, वाढलीही. पण समुद्राकडे जाण्यासाठी त्यांना पकडून, गाडीत घालून, धरणाच्या खाली नेऊन सोडावे लागले. धरणाला वळसा घालणारी पाण्याची वाट त्यांना मिळावी, अशी विनेमेम विंटूंची मागणी आहे.